तलाव सार्वजनिक, मग मरण खासगी कसे?

मागच्या महिन्यातील गोष्ट. रविवारी विहारात वंदना आटोपली, मंडळी चहाला उठली, तेव्हा एक ताई आमच्याजवळ येऊन बसल्या. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत मुलाचे शाळेचे ओळखपत्र, शवविच्छेदनाचा अहवाल आणि जलतरण तलावाची एका महिन्याची पावती.

मुलगा सातवीत होता. सुट्टीत पोहायला शिकावे म्हणून पालिकेच्या तलावावर जात होता. चोरून नव्हे, कुंपणावरून उडी मारून नव्हे. फी भरून, कार्ड काढून, रांगेत उभा राहून जात होता. एका संध्याकाळी शिट्टी वाजली, सगळी तुकडी पाण्याबाहेर आली, मुले कपडे बदलून घरी गेली. खुंटीला एका मुलाचे कपडे तसेच राहिले, तेव्हा कुठे शोध सुरू झाला.

ताई म्हणाल्या, "भाऊ, सगळे म्हणतात त्याचं तेवढंच आयुष्य होतं. तलावाच्या ऑफिसातले साहेब घरी आले होते. वीस हजार देतो म्हणाले, या कागदावर सही करा. करू का?"

कागद आम्ही वाचला. "मुलगा स्वतःच्या चुकीमुळे बुडाला असून आमची कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही," एवढेच एक वाक्य. खाली सहीची जागा आणि अंगठ्यासाठी रिकामा चौकोन. ताई दहावी शिकलेल्या आहेत, पण अंगठ्याची जागा आधीच आखून ठेवलेली होती.

आम्ही सांगितले, "ताई, सही करू नका. आणि घटनेची तारीख सांगा." घटनेला अडीच महिने होऊन गेले होते. तारीख आम्ही का विचारली, ते पुढे येईल. त्यात आमचीही एक चूक आहे, तीही सांगणार आहोत.

नशीब नव्हे, कारण

आपल्या वस्त्यांत अजूनही मूल बुडाले की "पाण्यानं ओढलं", "तळं दरवर्षी एक बळी घेतं", "नशिबात होतं" असे बोलले जाते. धर्मांतराला इतकी वर्षे झाली, तरी हे बोलणे सुटत नाही. तथागतांनी शिकविले ते काय? कारणाशिवाय कार्य नाही. हे आहे म्हणून ते होते, हे नाहीसे झाले की ते नाहीसे होते. मग मुलगा बुडाला, यालाही कारण असणारच. खोल आणि उथळ भागाच्या मध्ये दोर होता का? खोली किती ते लिहिलेले होते का? जीवरक्षक किती होते, त्या वेळी ते कुठे होते? आत किती मुले सोडली आणि बाहेर किती आली, हे कुणी मोजले का?

ही चार कारणे शोधली की त्या प्रत्येक कारणामागे एक माणूस, एक खुर्ची, एक कार्यालय उभे दिसते. कायदा याच शोधाला जबाबदारी म्हणतो. जो नशिबावर ढकलतो, तो नकळत त्या खुर्चीला मोकळे सोडतो. देशात दरवर्षी ३५ हजारांहून जास्त माणसे बुडून मरतात. इतक्या माणसांचे नशीब एकाच रीतीने फुटते, हे बुद्धीला पटत नाही.

चवदार तळ्याची दुसरी बाजू

सार्वजनिक पाण्याचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर तळे "शुद्ध" केले गेले. नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचा आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी बाबासाहेबांवर व त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. तो दावा चालत चालत मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने संपला. पाणी पिणे काही क्षणांचे होते. ते टिकविण्यासाठी दहा वर्षे कागद लढला, ही गोष्ट आपण मार्च महिन्यातील भाषणांत कमी सांगतो.

पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांचा उल्लेख नाव घेऊन आला. सरकारी पैशावर चालणाऱ्या किंवा सर्वांसाठी असलेल्या अशा जागी धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडविता येणार नाही. आपल्यासाठी तलावाचे फाटक उघडले ते असे.

परंतु फाटक उघडले म्हणजे काम संपले का? जी जागा सार्वजनिक आहे, तिचा कारभार कुणीतरी पाहते. ती संस्था पट्टी घेते, फी घेते, ठेका देते, नोकर नेमते. आत येण्याचा हक्क जसा आपला, तसेच आत आलेला माणूस जिवंत बाहेर जाईल अशी वाजवी काळजी घेणे हे तिचे कर्तव्य. पहिला अर्धा भाग आपण लढून मिळविला. दुसरा अर्धा भाग मागायला आपण अजून शिकलो नाही. पूर्वी तळ्यावर येऊ देत नव्हते. आता येऊ देतात, आणि बुडाल्यावर म्हणतात, "तो आलाच कशाला?"

न्यायालये काय म्हणतात

कायद्यात निष्काळजीपणा सिद्ध करायला तीन गोष्टी लागतात. काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते मोडले आणि त्यामुळेच हानी झाली. आता प्रत्यक्ष निकाल पाहू.

पहिला निकाल फी भरलेल्या तलावाचा. एका शिक्षण संस्थेचा पोहण्याचा तलाव होता. पैसे घेऊन बाहेरच्यांनाही तेथे पोहू देत आणि सुट्टीत शिबिरे भरवीत. आईबापांनी मुलाला शिबिरात घातले आणि मुलगा बुडाला. संस्था म्हणाली, प्रशिक्षक आम्ही नेमलेलाच नाही. प्रशिक्षक म्हणाला, मी अनुभवी आहे, मी त्याला लगेच बाहेर काढले, पोटातले पाणी काढले, डॉक्टरकडे नेले. राज्य ग्राहक आयोगाने संस्था आणि प्रशिक्षक या दोघांनाही सेवेतील त्रुटीबद्दल जबाबदार धरले. राष्ट्रीय आयोगाने सप्टेंबर १९९५ मध्ये तो निर्णय कायम केला. वाणिज्य शाखेच्या मुलांना व्यापारी कायद्याच्या पुस्तकात हे उदाहरण असते. आम्हीही ते परीक्षेपुरते पाठ केले होते. ताईंची पावती हातात आली तेव्हा ते खऱ्या अर्थाने आठवले.

दुसरा निकाल सहलीचा. १९९५ च्या मे महिन्यात पठाणकोटजवळच्या एका शाळेची मुले हिमाचलात सहलीला गेली आणि बियास नदीत १४ मुले बुडाली. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे ५ लाख रुपये भरपाई ठरविली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. मुले ज्यांच्या ताब्यात दिली, त्यांनी आईबापांसारखी काळजी घ्यायची असते आणि कामावर असताना नोकराने केलेल्या हयगयीची जबाबदारी मालकावर येते, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. "शिक्षक चुकले, शाळेचा काय संबंध?" हा बचाव टिकला नाही. "जीवरक्षक ठेकेदाराचा होता, पालिकेचा काय संबंध?" असे कुणी म्हणाले की हा निकाल आठवावा.

तिसरा निकालही त्याच बियास नदीचा आहे. ८ जून २०१४ रोजी हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी आणि सहलीबरोबरचा एक माणूस नदीच्या पात्रात होते. वरच्या लारजी प्रकल्पातून पाणी सोडले गेले आणि सगळे वाहून गेले. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने प्रत्येक कुटुंबाला २० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि जबाबदारीची वाटणी केली. वीज मंडळ ६० टक्के, महाविद्यालय ३० टक्के, राज्य सरकार १० टक्के. एकाच मरणाला अनेक कारणे असू शकतात आणि प्रत्येक कारणाचा धनी आपापल्या हिश्शाचा देणेकरी असतो, हे या आकड्यांतून सरळ दिसते.

उलट बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. पोहण्यास मनाई आहे असे ठळक लिहिलेल्या ठिकाणी जाणत्या वयाचा माणूस दारू पिऊन उडी घेईल, तर न्यायालय त्याचाही दोष मोजते आणि भरपाई कमी होते, कधी मिळतही नाही. परंतु लहान मुलाला मोठ्या माणसाच्या शहाणपणाचे माप लावीत नाहीत. आणि "स्वतःच्या जबाबदारीवर पोहावे" असा फलक टांगला म्हणजे फी घेणाऱ्याची सगळी जबाबदारी पुसली गेली, असेही होत नाही. पाटीने बुडणारा वाचत नाही, त्याला माणूस लागतो.

"मुलगा कमावता नव्हता, मग भरपाई कसली?" असेही तोंडावर विचारतात. शेतात आईबापांना हातभार लावणारा दहा वर्षांचा मुलगा रस्ता अपघातात गेला, त्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे वार्षिक उत्पन्न ३० हजार रुपये मानून ५ लाखांची भरपाई दिली. हा निकाल मोटार अपघाताचा असला, तरी गरिबाच्या मुलाची किंमत शून्य नाही, हे दाखवायला पुरेसा आहे.

आमची चूक

आता आमची चूक. काही वर्षांपूर्वी आमच्या बाजूच्या वस्तीतील एका मजुराचा मुलगा पालिकेच्या तळ्यात बुडाला. सुशोभीकरणासाठी गाळ काढताना ठेकेदाराने मध्येच खोल खड्डा केला होता, कठडा नव्हता, पाटी नव्हती. आम्ही काय केले? शोकसभा घेतली. मोर्चा काढला. निवेदन दिले. अधिकाऱ्यांनी "सहानुभूतीपूर्वक विचार करू" म्हटले, आम्ही टाळ्या वाजविल्या. वर्तमानपत्रात छायाचित्र आले, त्यात आम्ही पुढच्या रांगेत होतो. पुन्हा दोनदा भेटलो, पुन्हा आश्वासन. शेवटी वकिलाकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घटना कधीची? नोटीस कधी दिली?" साडेसात महिने झाले होते आणि नोटीस दिलेलीच नव्हती.

कार्यालयात दिवसभर आवक-जावक नोंदविणारे आम्ही. कागदाला तारीख असते हे आम्हांला कुणी शिकवायला नको होते. त्या बापाने आम्हांला कधी दोष दिला नाही. तो अजूनही भेटला की "जय भीम, भाऊ" म्हणतो. आम्हांला मात्र त्याच्या डोळ्यांत पाहवत नाही.

म्हणून या मुदती कापून घरात ठेवा. पालिकेविरुद्ध दिवाणी दावा लावण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. मुंबईसाठी १८८८ च्या महापालिका अधिनियमाचे कलम ५२७, इतर महानगरपालिकांसाठी १९४९ च्या अधिनियमाचे कलम ४८७, नगरपरिषदांसाठी १९६५ च्या अधिनियमाचे कलम ३०४. सहा महिन्यांत नोटिशीचा एक महिना धरला, तर पाचव्या महिन्याच्या आत नोटीस गेलीच पाहिजे. धरण, कालवा सरकारचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस लागते. १८५५ च्या जीवघेण्या अपघातांच्या कायद्याखाली पती, पत्नी, आईबाप आणि मुले यांच्यासाठी भरपाई मागता येते, त्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षे आहे. फी भरली असेल तर ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, तीही दोन वर्षांत. कोणती मुदत कुठे लागू यावर वकील वाद घालू शकतात. आपण मात्र सगळ्यांत कमी मुदत धरूनच चालावे, म्हणजे वादाची वेळ येत नाही.

पहिल्या आठवड्यात काय करावे

घरात प्रेत असताना कागद सुचत नाहीत, हे आम्ही जाणतो. म्हणून हे काम शेजाऱ्यांनी, विहाराच्या कार्यकर्त्यांनी करावे.

पोलीस बहुधा "अकस्मात मृत्यू" अशी नोंद करतात. ती चौकशीची नोंद आहे, गुन्ह्याची नव्हे. निष्काळजीपणा दिसत असेल तर गुन्हा नोंदविण्यासाठी लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. पूर्वी हा गुन्हा भारतीय दंड विधानाच्या कलम ३०४-अ खाली येई आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू आहे, त्यात शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे टपालाने तक्रार पाठवावी, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

पंचनामा होताना आपला एक जाणता माणूस तेथे उभा असावा. तलावाची छायाचित्रे त्याच दिवशी काढावीत, कारण दुसऱ्या दिवशी दोरही येतो आणि पाटीही येते. तुकडीतल्या मुलांनी काय पाहिले ते त्यांच्या पालकांसमोर लिहून घ्यावे. फीची पावती, कार्ड, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला, शाळेचा दाखला यांच्या प्रती करून मूळ कागद घरी ठेवावेत.

नंतर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली दहा रुपयांचा अर्ज करावा. त्या दिवसाचे जीवरक्षकांचे हजेरीपत्रक, त्यांच्या प्रशिक्षणाचे दाखले, ठेक्याचा करारनामा आणि आधीच्या अपघातांची नोंद मागावी. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी नाही. उत्तर ३० दिवसांत यावे लागते. उत्तर आले नाही, तर त्यावर अपील करता येते. पण नोटीस त्याच्यासाठी थांबवू नये.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धही अनुसूचित जातींच्या यादीत धरले जातात. आईने अर्ज केला तर ती स्त्री आहे एवढेच पुरे. अर्ज तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाकडे करावा.

आणि घरी आणून दिलेल्या कोणत्याही कागदावर तेरवीच्या गर्दीत सही करू नये. मदत आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मदत देणाऱ्याच्या मनावर असते. भरपाई हा हक्क आहे.

बंदी हा उपाय नव्हे

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. अशा घटनेनंतर काय होते? चार दिवस बंदीचे आदेश निघतात, पोलीस काठी घेऊन उभे राहतात, पुढच्या पावसात सगळे विसरले जाते. बंदीला खर्च नाही. जीवरक्षकाला पगार द्यावा लागतो. म्हणून बंदी लवकर येते आणि जीवरक्षक येत नाही. ज्याच्या सोसायटीत तलाव आहे त्याला बंदीने फरक पडत नाही. आपली मुले मात्र मग खाणीच्या डबक्यात उतरतात.

तेव्हा मुलांना पोहायला पाठवू नका असे आम्ही म्हणत नाही. जरूर शिकवा, मुलींनाही शिकवा. पण फी भरण्यापूर्वी आत जाऊन पाहा. जीवरक्षक काठावर आहे की ऑफिसात? खोली लिहिली आहे का? तळ दिसण्याइतके पाणी स्वच्छ आहे का? मुलांची मोजणी होते का? यातले काही नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दुर्दैवाने पुढे काही घडले, तर "आम्हांला कल्पना नव्हती" असे म्हणायला तो अर्ज त्यांना जागा ठेवणार नाही.

माताभगिनींसाठी आणखी एक. कुणी बुडताना दिसले तर पोहता येत नसताना उडी टाकू नका, एकामागून एक जीव जातात. साडी, दोर, बांबू, रिकामा बंद डबा, जे हाती येईल ते टाका. बाहेर काढल्यावर पोट दाबण्यात वेळ घालवू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबा, आणि १०८ ला फोन करा.

ताईंनी त्या कागदावर सही केली नाही. तालुक्याच्या समितीने वकील दिला, नोटीस रजिस्टर टपालाने गेली, पोच आली. पोच पिशवीत ठेवताना ताई म्हणाल्या, "भाऊ, पैसे आले तरी तो येणार नाही. पण तो चुकला नव्हता, एवढं कुणीतरी लिहून द्यावं." ते लिहून मिळायला किती वर्षे लागतील, हे आम्हांला ठाऊक नाही. चवदार तळ्याला दहा लागली होती.

या उन्हाळ्यात प्रत्येक विहाराने दोन माणसे निवडावीत आणि आपल्या गावचा तलाव पाहून यावा. काय दिसले ते आम्हांला पत्राने कळवावे.

जय भीम!